मागच्या पडवीपर्यंत

वारजे, पुणे
३ फेब्रुवारी

महिपती,

जय भीम. वाचून दचकू नकोस. तुझी बायको हाना काही मराठी वाचत नाही, आणि तुझी मुलगी आत्ता बाल्कनीत बसून माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीचं चित्र काढते आहे.

मी तुला फोन केले, तू उचलले नाहीस. मग मेसेज केला, 'सृष्टीला तू नक्की काय काय सांगितलं आहेस ते मला एकदा कळव.' त्यावर तू काय पाठवलंस? अंगठा! अरे, प्रश्नाला अंगठा हे उत्तर असतं का? म्हणून ही ई-मेल लिहायला बसले आहे. ई-मेलला अंगठा पाठवता येत नाही अशी माझी समजूत आहे. येत असेल तर कृपा करून पाठवू नकोस.

पोरगी गुणाची आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते राहून जाईल. सकाळी ओट्स खाते, गीझर चालू ठेवून कॉलेजला जाते आणि कुठल्याही गोष्टीला 'का?' विचारते. आणि तिचं मराठी! काय शिकवून ठेवलंयस रे? परवा भाजीवाल्याला म्हणाली, 'आपल्याकडे कोथिंबीर उपलब्ध आहे काय?' तो बिचारा मागे वळून बघायला लागला. आपल्या घरात असं कोण बोलायचं, आई की आबा?

डिसेंबरात तुझा फोन आला. किती वर्षांनी आला ते जाऊ दे. 'आक्का, सृष्टी आर्किटेक्चरच्या एका सेमिस्टरसाठी पुण्यात येतेय, तुझ्याकडे राहील.' मला कोण आनंद झाला! मग हळूच म्हणालास, 'तिला मी थोडं वेगळं सांगितलंय, तू फक्त हो ला हो कर.' थोडं! ती आली त्याच दिवशी चहा पिता पिता मला कळलं तुझं थोडं म्हणजे किती असतं. म्हणे, बाबांचं लहानपण सदाशिव पेठेतल्या दोन मजली घरात गेलं. म्हणे, आजोबांचा छापखाना होता.

छापखाना होता, आणि आबा त्यात होते, एवढं खरं. मधलं तू गाळलंस. आपले आबा, कचरू ओव्हाळ, त्या छापखान्यात पुस्तकं बांधायचे. छापखाना तुझ्या दोस्ताच्या, माधवच्या वडिलांचा, घरही त्यांचंच. शाळा सुटली की आबांचं काम संपेपर्यंत आपण त्यांच्या मागच्या पडवीत बसायचो आणि मग त्यांच्या सायकलवरून दांडेकर पुलाजवळच्या आपल्या खोलीवर जायचो. ती खोली कुठे गेली तुझ्या गोष्टीत?

तू 'पुणेकर' आडनाव लावलंस तेव्हा मी काही बोलले नव्हते. 'ओव्हाळ तिकडे कुणाला उच्चारता येत नाही' असं तू म्हणाला होतास. पुणेकर येतं वाटतं जर्मनांना! मग तू म्हणालास, सृष्टी असेपर्यंत हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लाव. तो मी काढलेला नाही आणि काढणारही नाही. घर माझं आहे, हप्ते मी फेडलेत. तिनं विचारलं, 'आत्या, हे कोण?' मी म्हटलं, 'बापाला विचार.' ती म्हणाली, 'विचारलं. ते म्हणाले, एक मोठे वकील होते.' वकील! मला त्या दिवशी भाकरी गिळवेना.

आता मुद्द्यावर येते. त्यांच्या कॉलेजनं प्रत्येकाला एक काम दिलं आहे. आपल्या कुटुंबाचं जुनं घर शोधायचं, त्याची मापं घ्यायची, नकाशा काढायचा आणि वर्गासमोर उभं राहून त्या घराची गोष्ट सांगायची. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तिची पाळी आहे. निम्मा वर्ग पुण्यातला आहे, त्यातल्या एखाद्याची मावशी त्याच गल्लीत राहत असली की झालं! पोर तोंडघशी पडेल, आणि तेही तुझ्यामुळे.

उद्या ती एकटी तुझं पुणं बघायला निघणार आहे. घर पाडलं म्हणून सांग, असं तू मला बजावलं होतंस. मी सांगितलेलं नाही. जन्मभर कोषागारात नोकरी केली आहे, उभं घर पडलं म्हणून मला सांगता येत नाही. तेव्हा आज तिला फोन कर आणि जे आहे ते सांगून मोकळा हो. माझ्यावर टाकू नकोस.

सध्या केवळ नाइलाजानं तुझी,
कुसुमआक्का


५ फेब्रुवारी

महिपती,

नाही केलास ना फोन? ठरवून न केलेला फोन मला कळतो. ती रात्री हातात मोबाइल धरून झोपली होती.

काल सकाळी निघाली. मी म्हटलं, 'मी येते बरोबर.' तर, 'नको आत्या, मला एकटीलाच बघायचंय.' म्हटलं, 'फोन तरी चालू ठेव.' तर, 'नाही, आज मी नकाशा बघणार नाही, लोकांना विचारत विचारत जाणार.' पुण्यात! विचारत विचारत! मी कपाळावर हात मारून घेतला आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीत कोंबली.

तिचा दिवस कसा गेला ते तिनंच रात्री सांगितलं. डेक्कनला बसमधून उतरली आणि लकडी पुलावरून चालत निघाली. एका चष्म्याच्या दुकानात शिरून म्हणाली, 'क्षमस्व, आपण मला मार्ग दाखवाल का?' दुकानदारानं वर न बघता सांगितलं, 'मार्ग दाखवायला कीर्तनकार असतात. पत्ता हवा असेल तर तसं बोला.' हिला राग येण्याऐवजी भलताच आनंद झाला. 'बाबा म्हणतात तसंच बोलतात इथे!' मिसळ खायला बसली आणि वेटरला विचारलं, किती तिखट आहे? तो म्हणाला, 'खाल्ल्यावर कळतं.' कळलं तिला. डोळे पुसत पुसत मंडईत पोचली, तुळशीबागेतून पितळेची इवलीशी भातुकली घेतली. शनिवारवाडाही बघितला म्हणे. मी विचारलं, आवडला का? तर म्हणाली, 'दरवाजा केवढा मोठा आहे, आत्या, पण आत काहीच नाही. नुसती जोती.'

इकडे मी घरात येरझाऱ्या घालतेय. फोन लागत नाही. दुपार झाली, दुपार टळली. तुला शिव्या घालून घालून माझा घसा कोरडा पडला. शेवटी चार वाजून गेल्यावर, म्हणजे सदाशिव पेठेत फोन करायला सभ्य वेळ झाल्यावर, श्यामलाचा फोन आला. माधवची बहीण श्यामला. आम्ही दोघी एकाच ऑफिसात होतो हे तुला माहीत आहे का? नसेलच. तू विचारलंस कधी? वर्षानुवर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्लाय.

ती म्हणाली, 'कुसुम, तुमच्या महिपतीची मुलगी आमच्याकडे आली आहे. तू जरा येतेस का?'

मी होते त्या साडीत रिक्षा पकडली. तिथे काय घडलं होतं, ऐक. तुझ्या मुलीनं घर बरोब्बर शोधून काढलं. हौदामागची गल्ली, दगडी जोतं, मागे रामफळाचं झाड. अरे, एवढं तपशीलवार सांगायची काय गरज होती रे? खोटं बोलायचं तर जरा मोघम बोलावं! तिनं पिशवीतून टेप काढली आणि मागच्या पायऱ्या मोजायला लागली. ते माधवनं वरच्या खिडकीतून बघितलं. त्या गल्लीत टेप घेऊन येणारा माणूस बिल्डरकडचाच असणार, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माधव तिथूनच ओरडला, 'ओ ताई! कुणी पाठवलं तुम्हाला? त्यांना म्हणावं, घर द्यायचं नाही. मी मेल्यावर या, तेव्हाही आधी फोन करून या!'

ही अजिबात घाबरली नाही. मान वर करून म्हणाली, 'काका, मी मापं घेतेय. ही खालची पायरी माझ्या बाबांनी फोडली आहे.'

माधव खिडकीतून नाहीसा झाला. ती पायरी कुणी फोडली हे जगात दोघांनाच माहीत होतं. छापखान्यातलं लोखंडी वजन उचलून पैज लावणारे तुम्ही दोघं गाढव. तो धापा टाकत खाली आला आणि तिच्याकडे नुसता बघत राहिला म्हणे. तिनं सांगितलं, 'मी सृष्टी पुणेकर. हे माझ्या बाबांचं घर होतं.' माधवनं श्यामलाला हाक मारली.

आणि श्यामला तिला काय म्हणाली असेल? 'हो गं बाळ, हेच ते.' ज्या पेठेत कुणी कुणाला वेळसुद्धा धड सांगत नाही, तिथली दोन म्हातारी माणसं तुझी लाज राखायला सरळ खोटं बोलली. मी पोचले तर श्यामलानं मला दारातच बाजूला घेतलं. 'मी काही बोलले नाही, कुसुम. चुकलं का गं माझं?' मी काय सांगणार? मी तशीच मागच्या बाजूला गेले.

पोर मागच्या पडवीत बसली होती. आपण बसायचो तिथेच, नळाच्या बाजूला. माधव तिला नळ दाखवत होता, झाड दाखवत होता. ती प्रत्येक गोष्ट त्याच्या आधीच सांगत होती. इथे खळीचं पातेलं असायचं ना? इथे कागदाचे गठ्ठे ना? माधव आपला मान डोलावतोय. मग श्यामला म्हणाली, 'चला, चहा आत घेऊ या.'

आम्ही आत गेलो. मधल्या खोलीत त्यांचा झोपाळा आहे. केवढा मोठा, पितळी कड्यांचा. सृष्टी दारातच थांबली. बघत राहिली. मग जाऊन त्यावर बसली आणि चहा संपेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. सकाळपासून अख्ख्या पुण्याशी बोलत फिरलेली मुलगी!

रिक्षा कर्वे रोडला लागल्यावर म्हणाली, 'आत्या, ज्या घरात झोपाळा आहे त्या घरातला मुलगा मोठेपणी आधी कशाबद्दल सांगेल?'

मी म्हटलं, 'मला काय माहीत?'

'झोपाळ्याबद्दल. बाबांनी मला नळ सांगितला, रामफळ सांगितलं, पायरी सांगितली. सगळं बाहेरचं. आतलं त्यांनी कधी काहीच सांगितलं नाही. मला वाटायचं, विसरले असतील.' मग थोड्या वेळानं, 'ते त्या घरात राहत नव्हते ना?'

मी म्हटलं, 'बापाला विचार.'

'नाही विचारणार,' ती म्हणाली. 'मी विचारलं तर ते आणखी एक गोष्ट रचतील. त्यांनी आपणहून सांगायला पाहिजे.'

तिचं सगळं तुझ्यावर गेलंय, फक्त हा ताठपणा माझा आहे. शुक्रवार पुढच्या आठवड्यात आहे. तोवर ती तुझी वाट बघेल. आता तरी तोंड उघड.

कुसुमआक्का


९ फेब्रुवारी

महिपती,

धन्य आहेस! चार दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात काय, तर 'आक्का, तूच सांग तिला. तुला ते जास्त नीट जमेल.'

नाही जमणार. कान उघडे ठेवून ऐक, मी सांगणार नाही. लहानपणी तुझा गृहपाठ मी केला, तुझ्या शाळेच्या फाटक्या दप्तराला टाके मी घातले, आई गेली तेव्हा सगळ्यांना 'त्याला सुट्टी मिळत नाही' हेही मीच सांगत बसले. हे काम तुझं आहे. मी जर तिला सांगितलं, तर तिला बापाबद्दलची बातमी कळेल. तिला बातमी नको आहे रे, बाप हवा आहे.

आणि वर हे काय लिहिलंस? 'श्यामलाताईंनी तिला आत न्यायला नको होतं.' व्वा! म्हणजे तिलाही त्यांनी पडवीतच बसवायचं होतं? लिहिताना तुझा हात थांबला नाही?

आता चिडलेच आहे तर मागच्या पत्रात जे लिहिलं नाही तेही लिहून टाकते. त्या दिवशी झोपाळ्यावर सृष्टी एकटी बसली नव्हती. श्यामला मला म्हणाली, 'बस ना गं कुसुम, उभी काय राहिलीस?' आणि मी बसले. या वयात, गुडघे दुखत असताना. ऑफिसात असताना श्यामला मला दर वर्षी घरी बोलवायची आणि मी दर वर्षी काहीतरी कारण काढायची. कधी आईची तब्येत, कधी पाहुणे. तिला काय सांगणार, की तुझ्या घराची मागची बाजू मला तोंडपाठ आहे आणि पुढच्या दारानं यायला मला जमत नाही?

आपण पडवीत बसून पाढे लिहायचो आणि आतून त्या कड्यांची कुरकुर ऐकू यायची. आठवतं? माधवची आई वाईट बाई नव्हती. आपल्याला लाडू द्यायची, तापात असलास तर विचारायची. पण लाडू पडवीत, पाणी पडवीत, आणि आपला पेला नळाशेजारच्या कोनाड्यात वेगळा. कुणी काही बोलायचं नाही. माधव 'आलो हं' म्हणून आत पळायचा, आणि आपण कुठवर जायचं ते आपल्याला न सांगता कळायचं. एकदा तू आबांना विचारलं होतंस, 'आत काय वाजतं?' आबा म्हणाले होते, 'काही नाही, तू लिही.'

बसले तर काय, एक लाकडी पाट आणि चार कड्या! बूड टेकलं, पाय हलवला, कुरकुर झाली. संपलं. मला इतका संताप आला, महिपती, की चहाचा कप तसाच खाली ठेवला. एवढ्याशा पाटासाठी? एवढ्यासाठी माझा भाऊ आडनाव टाकून सातासमुद्रापार जाऊन बसला?

रात्री मात्र झोप लागेना आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. तू मुलीला घर खोटं सांगितलंस, छापखाना खोटा सांगितलास, आडनाव बदललंस. पण 'मी झोपाळ्यावर बसायचो' असं कधी म्हणाला नाहीस. ते म्हणणं किती सोपं होतं! बाकी सगळं दडपून सांगितलंस आणि तिथे तुझी जीभ अडली. त्या उंबऱ्यापुढे तू खोट्यातसुद्धा पाऊल टाकलं नाहीस. त्या रात्री मी खूप रडले, तुला सांगायला हरकत नाही.

मला सगळं माहीत आहे रे. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या दारावर आडनावांसकट नावांची यादी लागली आणि तुझा खोलीतला सोबती दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून दुसऱ्या खोलीत गेला, ते मला माहीत आहे. तू त्या रविवारी घरी येऊन जेवला नव्हतास. आईला वाटलं पोट बिघडलं. पण लाज वाटायला हवी होती ती ट्रंक उचलणाऱ्याला. ती तू का उचलून घेतलीस आणि परदेशात का नेलीस?

आणि आबांची कसली लाज? त्यांच्या नखांना मोरचुदाचा निळा रंग असायचा, खळीला कीड लागू नये म्हणून ते मोरचूद घालायचे ना. त्यांनी बांधलेलं पुस्तक दोन्ही हातांनी ताणलं तरी पान निघायचं नाही. माझ्याकडे तुझी सातवीची पुस्तकं अजून आहेत, त्यांनीच बांधलेली. या असल्या माणसाला तू गोष्टीतून काढून टाकलंस आणि त्याच्या जागी एक मालक बसवलास. मालक पुष्कळ असतात. असा बाइंडर दाखव मला.

माधव काय म्हणाला तेही ऐकून ठेव. निघताना मला फाटकापर्यंत सोडायला आला. आधी म्हणाला, 'महिपतीला म्हणावं, घर तुझं म्हणून सांगितलंस, माझी हरकत नाही. पण मग घरपट्टी भरायला ये.' मग चष्मा पुसत बसला. म्हणाला, 'कुसुमताई, मी त्याला कधी आत चल म्हटलं नाही. मीही लहान होतो हो. पण म्हणायला पाहिजे होतं.' मी त्याला 'जाऊ द्या' म्हणाले नाही. का म्हणू?

पोरगी रोज संध्याकाळी मोबाइल समोर ठेवून नकाशा काढत बसते. बाहेरच्या रेषा काढून झाल्या आहेत, आत पेन्सिल लावत नाही. गुरुवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर ती शुक्रवारी वर्गात उभी राहून काय बोलणार आहे? विचार कर. अंगठा पाठवलास तर याद राख.

आक्का


१५ फेब्रुवारी

महिपती,

केलास एकदाचा. गुरुवारी, तेही मी कुकर लावल्यावर. सगळं आयुष्य गेलं तरी माणसाला वेळ पाळता येऊ नये!

तिनं फोन स्पीकरवर टाकला हे तुला कळलं की नाही माहीत नाही. मी ओट्याशी गवार मोडत होते आणि सगळं ऐकलं. तू आधी 'हवा कशी आहे' विचारलंस. मग म्हणालास, 'तुला घराबद्दल सांगायचं होतं,' आणि पुन्हा नळापासून सुरुवात केलीस. नळ, रामफळ, पायरी. मी मनात म्हटलं, गेला हा, पुन्हा तीच टेप लावली. मग तू थांबलास. इतका वेळ थांबलास की मला वाटलं फोन कटला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी धावत जाऊन गॅस बंद केला.

आणि मग तू म्हणालास, 'तुझे आजोबा त्या घराच्या मागे पुस्तकं बांधायचे. त्यांची नखं निळी होती.'

पुढचं तू सांगितलंस ते मी इथे परत लिहीत नाही. दांडेकर पुलाजवळची खोली सांगितलीस, कोनाड्यातला पेला सांगितलास, ट्रंक सांगितलीस. फोटोतले बाबासाहेब कोण हे धड सांगितलंस, वकील वगैरे नाही. मधेच रडलास, नाक शिंकरलंस, जर्मनमध्ये काहीतरी बडबडलास. मी गवारीच्या शिरा काढता काढता शेंगाच केराच्या टोपलीत टाकत होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, 'बाबा, मी आत जाऊन आले आहे. मध्ये कुणी अडवत नाही. आता तुम्ही या.'

तू 'बघतो' म्हणालास. बघतो! आता काय बघायचं राहिलंय?

कालची हकीकत. ती मला वर्गात घेऊन गेली, मी नको नको म्हणत असताना. मागच्या बाकावर बसले. तिनं नकाशा लावला. मागची पडवी, नळ, झाड, फुटलेली पायरी, पेल्याचा कोनाडा, सगळं मापासकट, रेघ न रेघ. आणि उंबऱ्याच्या आतला सगळा कागद कोरा. तिच्या बाई चष्मा वर करून म्हणाल्या, 'अगं, नकाशा अर्धवट आहे. आत काय आहे?'

ती म्हणाली, 'मॅडम, ते माझ्या वडिलांना माहीत नाही.'

मग तिनं सांगितलं का माहीत नाही ते. सावकाश, तुझ्या त्या छापील मराठीत, कुठेही आवाज न चढवता. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, चैताली नाव तिचं, ती आधी नुसती बघत होती आणि मग डोळे पुसायला लागली. संपल्यावर तीच येऊन सृष्टीला 'जय भीम' म्हणाली. तुझ्या लेकीनं पण म्हटलं. पहिल्यांदाच म्हणत होती, जरा अडखळली, पण म्हटलं. नकाशाच्या कोपऱ्यात नाव काय लिहिलंय ते मी जवळ जाऊन वाचलं. सृष्टी महिपती ओव्हाळ. मी तिला काही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगते.

आता माझं ऐक. श्यामला म्हणते, महिपती आला की आधी आमच्याकडे चहाला, आणि झोपाळ्यावर बसूनच. माधवनं कड्यांना तेल घातलं म्हणे. मी तिला सांगितलं, तुमच्याकडे नंतर. आधी तो माझ्या घरी येईल, बहिणीच्या हातचं जेवेल, मग मी त्याला घेऊन येईन आणि पुढच्या दारानं येईन. ती म्हणाली, 'बरं बाई.'

तिकीट काढ. कारणं सांगू नकोस, तुझी सगळी कारणं मीच तुला शिकवली आहेत. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या डाव्या हाताला माझं दार आहे, पाटीवर ओव्हाळ लिहिलंय. बेल वाजव, मी येईन उघडायला. जिन्यात बूट काढत रेंगाळू नकोस. आमच्याकडे झोपाळा नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पण आमच्याकडे पडवीही नाही. दार उघडलं की थेट आत यायचं.

तुझी,
आक्का